बद्रीला कधी यावं

मुक्काम पीपलकोटी, चमोली डाक, गढवाल
वैशाख शुद्ध ११, शके १८६०

माय,

कडूबाचं डोकं तुझ्या पायावर. दादाला अन् वहिनीला राम राम. कागद दुकानातला बालकिशन वाचून दाखवील, त्यालाबी राम राम.

तुझा निरोप पोचला. बापाचा पिंड बद्रीला ब्रह्मकपालावर माझ्या हातानं पडावा म्हणतीस, अन् त्यासाठी स्वतः येते म्हणतीस. बाप गेला तवा मी न्हवतो. दादानं अग्नी दिला. मला इकडं कळलं तवा तुमच्याकडं वर्षश्राद्ध जवळ आल्तं. पिंडाचं तुझं बराबर हाय. पण माय, धावड्यात बसून तू जो डोंगर डोळ्यापुढं आणून राह्यलीस तसा हा डोंगर न्हाई. आपण अजिंठ्याच्या घाटाला डोंगर म्हणतो, तसले इकडं बांधात धरतात. चार सालांमागं बालकिशनच्या घरच्या बद्रीनारायण शेटजींच्या यात्रेबरोबर त्यांची वळकटी उचलायला आल्तो, तवा वाटलं महिनाभरात माघारी जाऊ. ते गेले, मी न्हाई गेलो. का ते मलाच नीट सांगता येत न्हाई. नांगरामागं परत चालायचं मन झालं न्हाई, एवढंच.

काळ कोणता चांगला म्हणून विचारतीस. आता कवाडं उघडली, तर मुलखाचे लोक लोटलेत. चट्टी म्हंजे वाटेवरची उतरायची जागा, चार गवती छपरं. तिथं पाय ठेवायला जागा न्हाई, अन् हैजा, म्हंजे पटकी, सुरू हाय. परवा एक म्हातारा सकाळी माझ्याशी हुक्का पीत बोलला अन् दुपारी चादरीखाली गेला. आषाढ लागला की पाऊस. वाट पायाखालून निघून जाते, म्हंजे खरंच निघून जाते, काल होती ती आज नदीत. जळवा तर पायताणाच्या आत शिरतात. अन् मार्गशीर्षापासून बर्फ, तवा देवालासुद्धा खाली जोशीमठाला आणून ठेवतात. देवाला जमत न्हाई ते तुला कसं जमावं?

मधी एक फट उरते, पावसाच्या अन् बर्फाच्या मधी. ती नक्की कधी ते विचारून कळवीन. पण या साली नको. मी इथं चट्टीवर जमादार हाय, हंगामात पाय हलवता येत न्हाई. पुढल्या साली बघू.

तुझा कडूबा


धावडा, तालुका भोकरदन
ज्येष्ठ वद्य ६, शके १८६०

कडूबा बाळा,

माय सांगती अन् बालकिशन लिहितो.

तुझा कागद ऐकला. दोनदा ऐकला. पुढल्या साली म्हणू नको. डावा डोळा गेल्या दिवाळीतच गेला, तुला कळवलं न्हाई. उजव्यानं चुलीतला जाळ दिसतो, माणसाचं तोंड धुक्यात असल्यागत दिसतं. दादानं जालन्याला नेऊन दाखवलं. डाक्टर म्हणला काचबिंदू हाय, गेलेली नजर माघारी येत न्हाई, उरलेली वरीसभर पुरली तर पुरली. मंग पुढल्या साली येऊन मी काय करू? तुला हातानं चाचपू?

दुसरं. बालकिशनची भुवा, म्हंजे आत्या, जाफराबादच्या प्रेमबाई, बद्रीहून आल्या. सांगत होत्या की एका चढाला त्यांनी कंडी केली. पाठीवर टोपली बांधत्यात, तिच्यात माणूस बसतं अन् हमाल चढतो, ती कंडी. तो हमाल वाटेत आपल्याशीच पुटपुटला, "काय वजन हाय बाईचं, ज्वारीचं पोतं बरं." अन् ते आपल्या बोलीत! प्रेमबाई वरून म्हणल्या, "कुठला रे मेल्या तू?" तर तू. तूच का न्हाई? जमादार म्हणं!

मला त्याची लाज वाटली न्हाई. रागबी न्हाई आला. पण प्रेमबाईला नेलंस तर मायला न्यायला काय झालं? मी त्यांच्या निम्मी भरते. या साली सांग कधी येऊ. पिंडाचं निमित्त हाय. मला तुझं तोंड बघायचंय, ते खरं.

सगुणाबाई

(जमादार साहेबांना बालकिशनचा सलाम. भुवाचं वजन चालता चालता तोलून सांगितलंत, आता दुकानात काट्याची गरज उरली न्हाई. काल पायरीवर चौघं बसले होते, हसून हसून लोळले. आणि वरची तिथी मावशीच्या हुकमानं घातली हां. आमच्या घरी पौर्णिमा झाली की महिना बदलतो, म्हणून आम्हांला आषाढ लागून सहा दिवस झाले. तुमचा ज्येष्ठ अमावास्येपर्यंत अंथरुणातच लोळणार, त्याला आम्ही काय करावं.)


पीपलकोटी
आषाढ शुद्ध १२, शके १८६०

माय,

पहिलं हे ऐक, की हा कागद बालकिशनकडून वाचून घेऊ नको.

त्याच्या दुकानात माझ्या नावानं माणसं लोळून हसतात, असं त्यानंच लिहिलंय. हसा म्हणावं. त्याचे लोक माझ्या पाठीवर बसून देवाला जातात, पुण्य त्यांच्या पदरात पडतं, अन् घरी जाऊन मलाच हसतात. बद्रीनारायण शेटजी चार सालांमागं मला इथं सोडून गेले, एकदा तरी मागं वळून बघितलं? मारवाड्याला माणूस म्हंजे तराजूत घालायची वस्तू. तुझे माझे बोल त्याच्या पायरीवर चार रिकामटेकड्यांच्या पुढं नको. इथून पुढं काकासाहेब कुलकर्ण्यांकडं जात जा. ते शिकलेले हायेत, त्यांना हसायला वेळ नसतो.

हो, मी कंडी वाहतो. जमादार खोटं लिहिल्तं. खांद्याची कातडी दोनदा सोलून निघाली, आता तिथं घट्टा पडलाय, बैलाच्या मानेवर असतो तसा. नांगर नको म्हणून पळालो अन् स्वतःच जुवाखाली आलो. आता हस म्हणावं त्याला.

पण तू ये. याच साली ये. डोळ्याचं आधी का न्हाई कळवलंस? मी लोकांना विचारून तिथी पक्की करतो.

कडूबा


धावडा
श्रावण शुद्ध ६, शके १८६०

कडूबा,

तुझा कागद आला. मावशी नेहमीप्रमाणे पायरीवर बसली अन् म्हणाली, वाच. पहिलीच ओळ अशी, की हा बालकिशनकडून वाचून घेऊ नको. आता ती ओळ वाचायची कुणी? मीच वाचली. मंग पुढचंबी वाचलं, तराजूचं, रिकामटेकड्यांचं, सगळं. आमच्या दुकानात कागद अर्धा वाचत न्हाईत.

मावशी म्हणाली, "पोरगं लांब हाय, जिभेला धाक ठेवायला माणूस न्हाई." मला म्हणाली, "तू मनावर घेऊ नको." मी घेतलं.

मी हसलो ते खरं हाय. तुझ्यावर न्हाई, भुवाच्या वजनावर. तूच ते लिहिलं असतंस तर तूबी हसला असतास. दुसरीत मास्तरांनी तुला शाळेतून हाकललं, तवा मीबी पाटी घेऊन बाहेर येऊन बसलो होतो. ते तुझ्या ध्यानात न्हाई, तराजू ध्यानात राह्यला.

यापुढं तुझे कागद मी वाचणार न्हाई. आमचे बापूजी म्हणत होते, मावशी निघाली तर हरद्वारच्या आमच्या लोकांच्या धर्मशाळेची चिठ्ठी देऊ, म्हंजे तिची सोय होईल, माणूसबी बरोबर मिळंल. ती चिठ्ठी मागायला मावशी आता येणार न्हाई. मी तिला ओळखतो. अन् मी आपणहून नेऊन देणार न्हाई. तुझी मर्जी.

बालकिशन


पीपलकोटी
भाद्रपद शुद्ध १, शके १८६०

माय,

पक्कं झालं. एकाला न्हाई, पाच जणांना विचारलं. चट्टीचा लाला, डाकवाला, एक मेंढपाळ, बद्रीच्या पंड्याचा माणूस, अन् एक साधू जो वीस साल इथं फिरून राह्यलाय. पाचही जण एकच बोलले. लाला तर म्हणला, "कार्तिक बदी लगते ही माँ को ले आ, उससे अच्छा समय नहीं."

माय, तू बघशीलच. पाऊस गेला की आभाळ असं धुतल्यागत होतं की लांबचा बर्फाचा डोंगर हाताला लागंल असं वाटतं. नदी आता चिखलाची हाय, तवा निळी होते. डोंगराच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात राजगिरा लाल झालेला असतो, सगळा डोंगर कुंकू सांडल्यागत. लाल रंग तर तुला अजून दिसत असंल. गर्दी सरलेली, हैजा न्हाई, जळवा न्हाई. चार साल झाले, दरसाल तो पंधरवडा आला की मला वाटतं, हे घरच्या कुणालातरी दाखवायला पायजे होतं.

तर कार्तिक वद्य पडवेला हरद्वार टेसनावर मी उभा राहीन. दादाला म्हणावं, तिथपर्यंत आणून सोड, पुढं तुला मी नेतो. तुझ्यासाठी नवी कंडी विणतोय, रिंगाळाची, म्हंजे इकडच्या बारीक बांबूची. पाठीला टोचू नये म्हणून आतून घोंगडं शिवलं. मला भाड्याचं गिऱ्हाईक नको, वजनाची कुरकुर नको. तू बसायचं अन् मी चालायचं. सतरा-अठरा दिवसांत बद्री. बापाचा पिंड देऊ अन् माघारी येऊ.

उशीर नको. पडवा चुकवू नको. नंतर थंडी भराभर खाली उतरते. पडवेच्या हिशेबानं मी पंधरा दिवस आधीच इथून खाली निघतोय, म्हणून या कागदाचं उत्तर नको. आलीस की झालं.

कडूबा


धावडा
आश्विन शुद्ध २, शके १८६०

चि. कडूबास काकासाहेब कुलकर्णी यांचे आशीर्वाद.

तुझे पत्र मातोश्रींस वाचून दाखविले. उत्तर नको असे तू लिहिले आहेस, तरी शिष्टाचार म्हणून कळवितो. कार्तिक वद्य प्रतिपदा म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेचा दुसरा दिवस. पंचांग पाहून दिवस पक्का केला आहे. प्रस्थानासाठी कार्तिक शुद्ध तृतीया, भाऊबीजेचा दुसरा दिवस, उत्तम निघतो. हातात पंधरवडा राहत असल्याने तुझे ज्येष्ठ बंधू पुंजाराम म्हणतात की जाता जाता प्रयाग व काशी करावी. पत्रातली तिथी त्यांसही सोयीची पडली. तोवर ज्वारीची पेरणी होते व कापसाची पहिली वेचणी उरकते.

तुझ्या मातोश्री मध्येच विचारू लागल्या, "पोरानं दिवाळीच्या अगोदर बोलावलंय का नंतर? थंडी उतरते म्हणतो ना तो?" मी पंचांग उघडून बोट ठेवून दाखविले. त्यांस दिसत नाही ही गोष्ट वेगळी. बाई, म्हटले, कार्तिक वद्य दिवाळीच्या अगोदर येईल तर सूर्यही पश्चिमेस उगवेल. तेव्हा त्या हसल्या.

त्यांची एक ओळ त्या सांगतात तशीच लिहितो: "तुला गोधडी शिवून राह्यले. सुईत दोरा तुझी वहिनी उषा ओवती, टाके मी घालते. वाकडे आले तर कुणाला दाखवू नको."

काकासाहेब


हरद्वार
कार्तिक वद्य ९, शके १८६०

दादा,

हा कागद तुला हाय. मायला वाचून दाखवायचा का न्हाई ते तुम्ही ठरवा, नाहीतरी सगळं तुम्हीच ठरवता.

पडवेपासून आज नऊ दिवस मी टेसनावर उभा हाय. गाडी आली की नऊवारीतली बाई शोधतो. दोनदा पळत गेलो, एकदा नाशिकची निघाली, एकदा कुठली कोण. आता टेसनातले हमाल मला बघून एकमेकाला खुणा करतात. एक म्हणला, "माई आई क्या?" मी त्याला मारायला धावलो.

तू तिला येऊ दिलं न्हाईस. आंधळ्या माणसाला डोंगरात कशाला, असं म्हणला असशील. का कापूस वेचायला हात कमी पडले? बापाच्या वेळंला मला कळवलं न्हाई, आता मायलाबी धरून ठेवलं. तू घरी राह्यलास म्हणून माय तुझी, अन् मी गेलो म्हणून मला काहीच न्हाई. बरं.

नवी कंडी काल गंगेत सोडून दिली. पुलापर्यंत दिसली, मंग न्हाई.

मी आता डेहराडूनच्या वरल्या जंगलात लाकूडतोडीला चाललो. पत्ता देत न्हाई. उन्हाळ्यात वाट उघडली की पीपलकोटीला येईन. तोवर मेलो समजा.

कडूबा


धावडा
कार्तिक शुद्ध ६, शके १८६०

कडूबा,

वाचणार न्हाई म्हणलो होतो, पण वाचावं लागलं. उषावहिनी काल तुझा कागद घेऊन दुकानात आली. काकासाहेब तहसीलच्या कामाला भोकरदनला गेलेत अन् घरात दुसरं कुणी वाचणारं न्हाई. हा मी पीपलकोटीला टाकतो, कारण तू दुसरा पत्ता ठेवला न्हाईस. कधी मिळंल देव जाणे.

कागद उघडला अन् वरची तिथी बघितली. कार्तिक वद्य नऊ. अन् काल अजून कार्तिक शुद्ध पाच होती. वहिनीला वाटलं मी वाचायला चुकलो. मी चुकलो न्हाई. मला एका नजरेत समजलं, कारण आमच्या घरात ती तिथी तशीच लिहितात. उत्तरेकडं पौर्णिमा झाली की नवा महिना लागतो, तुमच्याकडं अमावास्या झाल्यावर. शुद्ध पक्ष दोघांचा एक, वद्य पक्षाचं नाव वेगळं. तुझा मागला कागदबी वहिनीनं आणून दाखवला; त्यात तुझा लाला म्हणला कार्तिक बदी, म्हंजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून, दिवाळीच्या आधीची. धावड्यात ती आश्विन वद्य. काकासाहेबांनी त्यांच्या पंचांगातली कार्तिक वद्य धरली, ती एक महिन्यानं येते. चार साल तू त्यांच्यात राहून त्यांच्यासारखा बोलायला लागलास अन् तुला ते कळलंसुद्धा न्हाई. ज्येष्ठात मी तुला हेच गमतीनं लिहिल्तं रे.

मावशी अन् पुंजारामदादा तीन दिवसांमागं निघाले. कुणी धरून ठेवलं न्हाई. गोधडी काखेत घेऊन मावशी दुकानावरून गेली. पायरीपाशी थांबली. मी आत होतो. तिला दिसत न्हाई म्हणून मी हललो न्हाई. ती थोडं थांबून गेली.

तसाच घोडी ताणून जालन्याला गेलो अन् हरद्वारच्या आमच्या धर्मशाळेला तार केली, की सगुणाबाई नावाची बाई आली तर वर जाऊ देऊ नका. पण चिठ्ठी मी दिलीच न्हवती. ती तिथं कशाला उतरंल?

बालकिशन


धावडा
पौष शुद्ध १२, शके १८६०

कडूबा,

पुंजारामदादा परवा एकटा आला. त्यानं सांगितलं ते लिहितो, माझ्या पदरचं काही न्हाई.

हरद्वारला चार दिवस टेसनावर बसले. दादा म्हणत होता माघारी फिरू. मावशी म्हणाली, "त्यानंच लिहिल्तं ना, हंगामात पाय हलवता येत न्हाई. आपण त्याच्याकडं जाऊ." तुझी जमादारी खोटी हाय हे तिला ठाऊक होतं, तरी तेच धरलं. वाटेत कंडी केली. दर मुक्कामाला उतरली की ती कंडीवाल्याच्या खांद्यावरून हात फिरवायची. तो पहाडी माणूस लाजायचा. दादानं विचारलं, काय बघतीस? म्हणाली, "घट्टा."

चट्ट्या रिकाम्या होत होत्या. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला पीपलकोटीला पोचले. लालानं सांगितलं, बद्रीची कवाडं बंद झाली, अन् कडूबा तर दसऱ्याच्या आधीच मायला आणायला खाली गेला, नवी कंडी पाठीला बांधून. मावशीनं ते तीनदा सांगायला लावलं. मंग म्हणाली, "बस, आता मी इथंच बसते. मला शोधत तो वर येईलच." दादानं पाय धरले, ऐकलं न्हाई. रोज तुझ्या पथारीच्या जागेवर, वाटेकडं तोंड करून. पाऊल वाजलं की विचारायची, कोण हाय? बर्फ पडायला लागला तवा छातीत कफ धरला. गोधडी तिनं अंगावर घेऊ दिली न्हाई. ती कडूबाची हाय म्हणाली.

दादानं नदीकाठी अग्नी दिला. दोघांनाबी त्यानंच दिला. तुला काही म्हणला न्हाई. तिथीचा घोळ मी त्याला समजावला, त्यानं ऐकून घेतलं अन् गोठ्यात गेला. काकासाहेब अजून येईल त्याला पंचांग उघडून दाखवतात, की मी वाचलं ते बराबर होतं. बराबरच होतं.

आता एक काम. लालानं दादाला तिथी सांगितली, पौष वदी पाच. इकडं पौष वद्य पाच अजून यायची हाय. काकासाहेब त्याच दिवशीचं श्राद्ध धरायला निघाले. मी म्हणलो, मार्गशीर्ष वद्य पाच ती, होऊन गेली. पण दादा आता माझ्या शब्दावर बसायला तयार न्हाई, कुणाच्याच न्हाई. त्याला तुझ्या हातचं पायजे. लालाला विचारून कळव.

चिठ्ठीचं मला कुणी विचारत न्हाई. कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बालकिशन


पीपलकोटी
वैशाख शुद्ध ५, शके १८६१

बालकिशन,

हे दादाला वाचून दाखव. सगळं वाच, अर्धं ठेवू नको.

जंगलातून परवा चमोलीला आलो. डाकवाल्यानं तीन कागद एका सुतळीत बांधून ठेवले होते. वरचा काकासाहेबांचा होता. त्रिपुरी पौर्णिमेचा दुसरा दिवस, हे वाचलं अन् बाकीचे दोन उघडायच्या आधीच समजलं. तरी उघडले. डाकघराच्या पायरीवर बसून वाचले. डाकवाला म्हणला, घर में सब ठीक? मी हो म्हणलो.

दादा, टेसनावरून लिहिलेला कागद तू ऐकला असशील. ज्या दिवशी तू मायला धरून ठेवलंस असं मी लिहिलं, त्या दिवशी ती घरी बसून मला गोधडी शिवत होती. आठव्याच दिवशी मी कंडी गंगेत सोडून दिली. अजून एक महिना तिथंच बसलो असतो तर ती गाडीतून उतरली असती. त्या टेसनावर मी लोकांना गाडी विचारली, गाव विचारलं, पाणी विचारलं, अन् तिथी मात्र विचारली न्हाई, कारण ती मला ठाऊक होती. अन् मागं भाद्रपदात, पान भरून राजगिऱ्याचं लिहिलं. 'दिवाळीअगोदर' एवढं लिहिलं असतं तर माय कुणाच्याही पंचांगातून बराबर आली असती. तिनं विचारलंसुद्धा होतं. सगळ्या गावात तिनं एकटीनंच विचारलं.

बालकिशन, तुझ्या चिठ्ठीचं मी विचारतो म्हणशील तर न्हाई विचारणार. ती मागायची वाट मीच बंद केली होती.

गोधडी लालापाशी हाय. एका बाजूचे टाके सरळ हायेत, ते वहिनीचे असतील. दुसऱ्या बाजूचे बघितले अन् घडी घालून परत दिली.

दादा, मी घरी येणार न्हाई. रागानं न्हाई. तुझ्यापुढं बसून जेवता येणार न्हाई म्हणून. कवाडं उघडली की बद्रीला जाईन अन् दोन पिंड देईन. कंडी पुन्हा धरली, दुसरं येत न्हाई. यात्रेकरू विचारतात, माघारी कधी येणं चांगलं, आमच्या म्हातारीला आणायचंय. मी त्यांना लालाकडं पाठवतो.

आता तुझं काम. लालाला विचारलं, माय गेली तो दिवस दिवाळीनंतरच्या कितव्या पौर्णिमेनंतरचा? म्हणला, दुसऱ्या. पौर्णिमेपासून कितवा? म्हणला, पाचवा. म्हंजे धावड्याची मार्गशीर्ष वद्य पंचमी अन् इथली पौष वदी पंचमी. दिवस एकच हाय. बालकिशन बराबर बोलला. त्याच दिवशीचं श्राद्ध धर.

एवढं विचारून घ्यायला मला चिलीम भरायचाबी वेळ लागला न्हाई.

कडूबा